बंपर चमकला नाही तरी चालेल, गाडी थांबली पाहिजे!

मे महिन्यात माझ्या मामेभावाचं लग्न आहे आणि नवरा-नवरी कार्यालयातून आजोबांच्या पद्मिनीत बसून निघणार, असं घरात ठरलंय. ठरलं म्हणजे मामाने जाहीर केलं. गाडी १९७४ची, म्हणजे 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं त्याच वर्षातली. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. आजोबा गेल्यापासून ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी असते. महिन्यातून एकदा मी किंवा मामा स्टार्ट करतो, एक चक्कर मारतो, परत झाकून ठेवतो. इंजिन छान आहे. सीटांचं रेक्झिन फाटलंय, पण ते लग्नात कुणाला दिसणार नाही. दिसणार तो बंपर. पुढच्या बंपरवर तपकिरी ठिपक्यांची पुरळ उठलीय आणि मागच्याच्या खालच्या कडेचे तर पोपडे सुटलेत. हात फिरवला तर बोट कापेल असे.

मामाने दोन ठिकाणी भाव काढला. एकाने दोन्ही बंपर आणि चार ओव्हररायडर मिळून २२ हजार सांगितले, वर दीड महिना लागेल म्हणाला. दुसऱ्याने ६ हजार. 'चार दिवसांत चकाचक करून देतो.' घरच्या सभेत अर्थातच सहा हजारवाला बहुमताने निवडून आला. विरोधात एकच मत पडलं, ते माझं. 'अगं, तू मेकॅनिकलला आहेस ना, मग तुलाच कसं कळत नाही?' हे मला सुनावण्यात आलं. मेकॅनिकलला आहे म्हणूनच तर विरोध केला होता!

तर हा सगळा लेख म्हणजे त्या एका मताचं स्पष्टीकरण समजा. माझं म्हणणं सरळ आहे : खरं क्रोम परवडत असेल तर जरूर करा. परवडत नसेल तर स्वस्त क्रोम करू नका, दुसरं काहीतरी करा. आणि ते 'दुसरं काहीतरी' कमीपणाचं नसतं.

आधी क्रोम म्हणजे काय ते बघू, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना (आणि दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मलाही) वाटतं की बंपरवर क्रोमचा जाड पत्रा असतो. तसं नसतं. सगळ्यात वरचा क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन एवढाच असतो. आपला केस ढोबळमानाने सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर हा त्याच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ झाला. त्याखाली निकेलचा थर असतो, वीस-तीस मायक्रॉनचा किंवा जास्त. त्याच्याखाली बऱ्याचदा तांबं, आणि मग लोखंड. जी चमक आपण 'क्रोमची' म्हणून कौतुकाने बघतो, ती बरीचशी निकेलची असते. क्रोमचं काम निकेल काळवंडू न देणं आणि त्याला ती थंड, निळसर झाक देणं.

मग गंज कुठून येतो? क्रोमच्या थराला अतिसूक्ष्म भेगा असतात. त्यातून पाणी शिरतं. खालचं निकेल जाड आणि सलग असेल तर काही बिघडत नाही, पण ते पातळ असेल किंवा कुठे छिद्र असेल तर पाणी थेट लोखंडाला जाऊन भिडतं. इथे एक गंमत आहे. पत्र्यावर जस्त चढवतात तेव्हा जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. क्रोम-निकेलचं बरोबर उलटं. ते स्वतः मजेत राहतात आणि लोखंडाला बळी देतात. म्हणून क्रोमचं काम एकतर नीट करायचं, नाहीतर करायचंच नाही. अर्धवट क्रोमखाली लोखंड उघड्या लोखंडापेक्षा जास्त चिवटपणे गंजत राहतं, आणि वर चमक असल्यामुळे ते कळतही नाही.

आता त्या २२ हजारांचा हिशोब लागतो. जुनं क्रोम आणि निकेल उतरवायचं, पोचे ठोकून सरळ करायचे, गंजाचे खड्डे घासून किंवा भरून काढायचे, तांबं चढवायचं, परत बफिंग, मग निकेल, मग शेवटी काही मिनिटं क्रोम. यात सगळी मेहनत बफिंगची. माणूस तासन् तास चाकासमोर उभा असतो. प्लेटिंग कुठलाच खड्डा लपवत नाही, उलट आरशासारखा दाखवून देतो. सहा हजारांत आणि चार दिवसांत हे सगळं होत नाही. मग काय होतं? वरवर घासतात, निकेलचा निसटता हात मारतात आणि क्रोम चढवून टाकतात. लग्नाच्या फोटोत झकास दिसेल. दोन पावसाळे काढले की पुन्हा पुरळ. आणि तेव्हा खालचं लोखंड आणखी खाल्लेलं असेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. भाव काढायला मामाबरोबर मीही गेले होते, एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये. तिथे नारिंगी-तांबड्या पाण्याची टाकी होती, त्यात कशाकशाचे हँडल लटकत होते आणि टाकीतून बारीक धुकं वर येत होतं. ते सांभाळणारा मुलगा माझ्याच वयाचा असेल. हातात ग्लोव्ह्ज होते, तोंडावर रुमाल. बास.

ते धुकं साधं नसतं. क्रोम प्लेटिंग ही विजेच्या दृष्टीने फार उधळी प्रक्रिया आहे. दिलेल्या विजेतली जेमतेम दहा-वीस टक्के क्रोम चढवायला लागते, बाकीची हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यात जाते. हे बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात आणि क्रोमिक ॲसिडचे थेंब हवेत उडवतात. त्यातलं क्रोमियम हेक्साव्हॅलंट प्रकारचं असतं, जे माणसाला कॅन्सर करतं म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकलेलं आहे. (बंपरवर बसलेलं धातूचं क्रोम मात्र निरुपद्रवी, गोंधळ नको. स्टीलच्या डब्यातही ते असतं.) वर्षानुवर्षं या टाक्यांवर काम करणाऱ्यांच्या हाताला न भरणाऱ्या जखमा होतात, नाकातला पडदा झिजून त्याला भोक पडतं. धूर ओढून घेणारी यंत्रणा, नीट मास्क, सांडपाण्यावर प्रक्रिया हे सगळं केलं तर धोका खूप कमी होतो. पण ते सगळं करायला पैसे लागतात. सहा हजारांत ते बसत नाही. म्हणजे उरलेले पैसे कुणीतरी दुसरं भरत असतं. टाकीवरचा तो मुलगा, किंवा शेडमागचा नाला. आपल्याकडे नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये असा नियम आहे. त्या शेडमागचं पाणी मी काही तपासलं नाही, पण त्याचा पिवळा रंग बघायला लॅब लागत नव्हती.

'तुझ्या दोन बंपरांनी असा काय फरक पडणार?' हा मामाचा प्रश्न. खरंय, फारसा पडणार नाही. आपल्या घरातले नळ, बाथरूमचे हँडल, बाइकचे सायलेन्सर, सगळीकडे क्रोम आहेच. मी काही संन्यास घेतलेला नाही. आता ट्रायव्हॅलंट क्रोम नावाची तुलनेने कमी घातक पद्धतही आलीय, तीही शोधायला हरकत नाही. पण जिथे माझ्या हातात निवड आहे आणि ती निवड निव्वळ चमकण्यासाठी आहे, तिथे सर्वात स्वस्त टाकी निवडायची मला लाज वाटली, एवढंच.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, जे आहे ते धुवा! हे इतकं साधं आहे की कुणी सांगतच नाही. मी पुढच्या बंपरवर दोन रविवार घातले. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून गोळा केला, पाण्यात बुडवला आणि हलक्या हाताने घासायला लागले. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा फार मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत, पण गंज निघतो. काळं पाणी गळायला लागलं की समजायचं काम होतंय. अर्ध्या तासात ती पुरळ निम्म्याने कमी झाली. मामी गॅलरीतून बघत होती, ती म्हणाली, 'अगं, पितांबरी घे की!' पितांबरी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी उत्तम, पण इथे मी टाळली. तारेची घासणीही टाळली. क्रोम कडक असतं, पण जिथे उडालंय तिथलं निकेल मऊ असतं.

खोलवरच्या ठिपक्यांसाठी सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. एक लिटर कोमट पाण्यात पन्नासेक ग्रॅम, त्यात जुनी सुती ओढणी भिजवून बंपरला गुंडाळायची, वरून प्लॅस्टिक. दर तासाने उघडून बघायचं. रात्रभर ठेवून झोपायचं नाही. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, स्वच्छ धुऊन, लगेच कोरडं करायचं. एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका : संडास साफ करायचं ॲसिड. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड गंजाबरोबर क्रोमही खातं. आमच्याच सोसायटीतल्या एका काकांनी स्कूटरच्या मडगार्डवर हा प्रयोग केला होता. मडगार्ड आता पिवळसर आहे, काका त्याला 'अँटिक फिनिश' म्हणतात.

आणि बंपर काढलाच आहे तर त्याची पाठ बघा. सगळा खेळ तिथे असतो. आतल्या बाजूला प्लेटिंग नीट बसलेलंच नसतं, चिखल साचतो आणि गंज मागून पुढे येतो. आमच्या बंपरच्या मागे किती वर्षांचा चिखल होता कोण जाणे, चक्क कोरडं गवत निघालं! मी तो खरवडला, रस्ट कन्व्हर्टर लावलं आणि वर काळा रंग दिला. बाहेरून काहीच दिसत नाही, पण माझ्या मते सगळ्या खटाटोपात सर्वात उपयोगाचं काम हेच झालं. पुढून मेणाचं पॉलिश. पावसाळ्यात महिन्यातून एकदा लावायचं.

पुढचा बंपर असा वाचला. जवळ गेलात तर बारीक खड्डे दिसतात. दिसू देत. गाडीला पन्नास वर्षं झालीयेत.

मागच्याचं मात्र प्रकरण वेगळं होतं. पोपडे सुटलेल्या क्रोमला कुठलंही पॉलिश वाचवत नाही. तिथे पर्याय शोधायला लागले तर एकेक नमुने पुढे आले. स्प्रे कॅनमधलं 'क्रोम' पहिल्या दिवशी बरं दिसतं, त्यावर क्लिअर मारलं की राखाडी होतं. क्रोमचा स्टिकर सपाट पट्टीवर ठीक, पण बंपरच्या गोलाईवर सुरकुत्या पडतात आणि खाली ओल अडकते. चांदीचा थर फवारून आरसा करायची पद्धत आहे, ती दिसते भारी, पण टिकणं पूर्णपणे वरच्या क्लिअर कोटवर अवलंबून आणि खर्च क्रोमच्या जवळपास. नुसतं निकेल करून घेणं हा मला आवडलेला पर्याय. थोडी उबदार, पिवळसर चमक येते. १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत गाड्यांवर निकेलच असायचं, क्रोम त्यानंतर आलं. पण निकेल वरचेवर पुसावं लागतं, आणि निकेलचे क्षारही काही साधुसंत नव्हेत.

स्टेनलेस स्टीलचा नवा बंपर बनवून घेणं हा खरा टिकाऊ उपाय. गंजच नाही, पॉलिश केलं की झालं. यात फक्त एक खबरदारी : ३०४ ग्रेड मागा. २०२ स्वस्त असतं, दिसतं अगदी तसंच, आणि लोहचुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक जवळपास चिकटतच नाही. पण मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत २०२वर चहाच्या डागांसारखे डाग उठतात. म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. आम्हाला मिळालेला भाव बजेटबाहेर होता, त्यामुळे हा विषय तिथेच थांबला.

जुना बंपर शोधायला मी आणि माझी मैत्रीण कुर्ल्यालाही जाऊन आलो. पद्मिनी जन्मली कुर्ल्याच्याच कारखान्यात आणि आता तिचे सुटे भाग शोधायलाही कुर्ल्यालाच, सीएसटी रोडच्या दुकानांत. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. त्यामुळे माल असेल असं वाटलं होतं. एक बंपर मिळालाही. क्रोम आमच्यापेक्षा वाईट, वर टॅक्सीवाल्याने मारलेला चंदेरी रंग. पण लोखंड सरळ, एकही पोचा नाही.

तो चंदेरी रंग बघून माझं ठरलं. त्या टॅक्सीवाल्याने कुणाला विचारलं नसणार. क्रोम गेलं, रंग मारला, धंद्याला लागला.

आम्ही तो बंपर घेतला आणि रंगवला. रंगवण्याची गोष्ट सांगते, कारण इथे लोक चुकतात. क्रोमवर थेट रंग धरत नाही, काचेवर मारल्यासारखा निघून येतो. सुटं क्रोम काढून टाकायचं, उरलेल्याची चमक पॉलिश पेपरने पूर्ण मारायची. आधी १२० नंबर, मग ३२०. पाणी लावून घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही, तरी मास्क हवाच. मग एपॉक्सी प्रायमर, त्यावर अलॉय व्हीलसाठी वापरतात तो सिल्व्हर, शेवटी क्लिअर. घासकाम मी केलं, पण प्रायमर आणि क्लिअर पेंटिंगवाल्या दादांकडून, कारण दोन भागांच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते गॅलरीत फवारायचं काम नव्हे. पावडर कोटिंगही चाललं असतं, गेट-ग्रिलवाले करतात, पण त्याआधी जुनं क्रोम ब्लास्टिंग करून पूर्ण उतरवावं लागतं.

बंपर, कुर्ल्याचा प्रवास, रंग, मजुरी, फॉइल आणि लिंबूसत्त्व धरून एकूण खर्च ४,१०० रुपये. मैत्रिणीला खिलवलेला वडापाव वेगळा.

'पण हे ओरिजिनल नाही ना!' हा शेवटचा आणि सर्वात मोठा आक्षेप. मला तो समजतो, मी थट्टा करत नाहीये. आजोबा दर रविवारी तो बंपर फडक्याने पुसायचे आणि त्यात आपला भांग नीट करायचे, हे मी पाहिलंय. पण ओरिजिनल म्हणजे काय? फोक्सवॅगन बीटलच्या साध्या 'स्टँडर्ड' मॉडेलला कारखान्यातूनच रंगवलेले बंपर यायचे. क्रोमचे हवे तर महागडं मॉडेल घ्या. अमेरिकेत १९४२ साली युद्धामुळे क्रोम-निकेलवर निर्बंध आले, तेव्हा नव्या गाड्यांच्या चमकत्या पट्ट्या चक्क रंगवून दिल्या गेल्या, आणि आज संग्राहक त्याच गाड्या हौसेने शोधतात. आपल्याकडे २०२१च्या केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. त्यात बघतात ते चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार झालेत का. आमची त्या वयाची झालीये. आणि मुख्य म्हणजे रंग उतरवता येतो. उद्या माझ्याकडे २२ हजार आले तर मी तो खरवडून खरं क्रोम करून घेईन. आजोबांचा मूळ मागचा बंपरही मी टाकलेला नाही. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. सहा हजारांच्या क्रोममध्ये तो बफिंगच्या चाकाखाली गेला असता, आणि गेलेलं लोखंड परत येत नाही.

मामाला मात्र यातलं काहीच पटलं नव्हतं. पटलं ते तिसऱ्याच गोष्टीमुळे. बंपर काढलेला असताना आम्ही चाकंही उघडली. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता आणि आतले लायनर ब्रेक ऑइलने भिजून काळे झाले होते. ही गाडी आम्ही दर महिन्याला चक्कर मारायला नेत होतो. हिच्यातच नवरा-नवरी बसणार होते.

मामा बराच वेळ त्या ड्रमकडे बघत उभा होता. मग त्याने खिशातून फोन काढला आणि गॅरेजवाल्या काकांना लावला. 'चारही चाकांचं करून टाका,' म्हणाला. 'सिलिंडर, लायनर, होसपाइप, सगळं. पैसे आहेत, बंपरसाठी काढून ठेवले होते.'

काल गाडी परत आली. मामाने सोसायटीच्या उतारावर तीनदा ब्रेक मारून बघितला. मग मागे जाऊन चंदेरी बंपरवरून हात फिरवला, म्हणाला, 'बरा दिसतोय गं. पण फोटोग्राफरला सांग, पुढूनच घे म्हणावं.'